परतीचे टप्पे

इराकमधून माघारी आलेल्या काही अमेरिकी सैनिकांना दोन मैलांची धाव पुरी करता येईना. केंटकी आणि टेनेसी या राज्यांच्या सीमेवर फोर्ट कॅम्पबेल नावाचा मोठा लष्करी तळ आहे. तिथल्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनची ही माणसं. अमेरिकी भूदलात ही धाव ठरलेल्या वेळात पुरी करावीच लागे, आणि मोहिमेवर जाण्यापूर्वी यांना त्यात कधी अडचण आली नव्हती. परतल्यावर मात्र थोडं अंतर गेलं की धाप लागायची. छातीचे एक्स-रे काढले, ते जवळजवळ सगळ्यांचे स्वच्छ. नळीत फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजली, ती बहुतेकांची ठीक. सीटी स्कॅनमध्येही बऱ्याच जणांत काही दिसेना. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातले फुफ्फुसतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट मिलर आणि त्यांचे सहकारी यांच्याकडे असे ८० सैनिक आले. त्यांपैकी ४९ जणांच्या फुफ्फुसाचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा एकही तुकडा निरोगी निघाला नाही. ३८ जणांना ‘कन्स्ट्रिक्टिव्ह ब्रॉन्किओलायटिस’ झाला होता. श्वासनलिकेला फाटे फुटत फुटत ती जिथे केसासारखी बारीक होते, तिथे जखम भरल्यावर राहतो तसा कडक व्रण धरतो आणि ती वाट आवळत जाते, असा हा आजार. यांतले २८ जण २००३ च्या उन्हाळ्यात मोसुलजवळ अल-मिश्राक इथल्या गंधकाच्या कारखान्याला लागलेल्या आगीच्या धुरात वावरले होते. ती आग जवळपास महिनाभर धुमसत होती. हा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला २०११ साली. छातीत धूर गेला त्याला तोवर आठ वर्षं झाली होती.

मोहिमेवरून परतलेल्या सैनिकाच्या आरोग्याचा प्रश्न नेमका कुठे अडतो, ते या एका उदाहरणात पुरतं दिसतं. तो परत आला ती तारीख कागदावर असते. त्याच दिवशी त्याची तपासणी होते, त्याच्याकडून फॉर्म भरून घेतला जातो, शिक्का बसतो. आजाराला मात्र ती तारीख ठाऊक नसते. गोळी लागली, सुरुंगावर पाय पडला, तर जखम आणि तारीख यांची सांगड आपोआप बसते, आणि अशा जखमांवर उपचार करण्यात आधुनिक सैन्यांनी थक्क करणारी प्रगती केली आहे. पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर किंवा खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर यांचं काम पाहिलं तर याची खात्री पटते. अडचण येते ती उशिरा उगवणाऱ्या दुखण्यांची. धुराची, स्फोटाच्या हादऱ्याची, रात्री झोप न लागण्याची, घरात विनाकारण उसळणाऱ्या रागाची. सैनिकाच्या परतीकडे आपण एका दिवसाची घटना म्हणून पाहतो. ती काही वर्षं चालणारी, टप्प्याटप्प्याने होणारी गोष्ट आहे असं धरून आरोग्यसेवेची आखणी केली पाहिजे, आणि त्या प्रत्येक टप्प्यावर पहिलं पाऊल सैन्याने टाकलं पाहिजे, सैनिकाने नव्हे. हे माझं म्हणणं. त्याला पुरावा काय, आणि त्यावर आक्षेप कोणते, ते आता पाहू.

सगळ्यांत बोलका पुरावा अमेरिकेतच मिळतो, कारण तिथे परतलेल्या सैनिकांना दोनदा तेच प्रश्न विचारण्याची पद्धत पडली. परतताना एकदा, आणि २००५ पासून पुन्हा तीन ते सहा महिन्यांनी. चार्ल्स मिलिकन आणि सहकाऱ्यांनी इराकहून परतलेल्या ८८,२३५ सैनिकांच्या दोन्ही वेळच्या उत्तरांची तुलना २००७ मध्ये प्रसिद्ध केली. पहिल्या वेळी नियमित सैन्यातल्या ११.८ टक्के सैनिकांत आघातोत्तर तणावाची, म्हणजे पीटीएसडीची लक्षणं दिसली होती; काही महिन्यांनी ते प्रमाण १६.७ टक्क्यांवर गेलं. नैराश्याचं प्रमाण ४.७ वरून १०.३ टक्के झालं. आणि घरात, मित्रांत, जवळच्या माणसांशी भांडणं होताहेत असं सांगणारे पहिल्या वेळी १०० त ३ ते ४ होते, दुसऱ्या वेळी १४. माणसं तीच, प्रश्नही तेच. मध्ये फक्त घरचे काही महिने गेले होते. विमानतळावर बायको-मुलं वाट पाहत उभी आहेत आणि हातात फॉर्म आहे, अशा वेळी माणूस ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा करत सुटतो. त्यात लबाडी असतेच असं नाही. ‘जवळच्या माणसांशी खटके उडतात का?’ या प्रश्नाला तो काय उत्तर देणार? जवळच्या माणसांची अजून भेटच झालेली नसते.

याच अभ्यासातला दुसरा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नॅशनल गार्ड आणि राखीव दलातले सैनिक, म्हणजे एरवी शिक्षक, मेकॅनिक, ट्रकचालक असणारे आणि बोलावणं आलं की वर्दी चढवणारे लोक. परतताना त्यांची अवस्था नियमित सैनिकांसारखीच होती: पीटीएसडीची लक्षणं १२.७ टक्के. काही महिन्यांनी मात्र ती २४.५ टक्के झाली. दोन्ही तपासण्या मिळून नियमित सैनिकांतल्या २०.३ टक्के जणांना मानसिक उपचारांची गरज आहे असं डॉक्टरांना वाटलं, तर राखीव सैनिकांत हेच प्रमाण ४२.४ टक्के निघालं. युद्ध दोघांनी एकच पाहिलं होतं. फरक परतल्यावर पडला. नियमित सैनिक आपल्या तुकडीसोबत तळावर राहिला, तिथला दवाखाना त्याच्या हाताशी होता, आणि रात्री झोप लागत नाही असं ज्याला न बोलता कळेल असा माणूस शेजारच्या खाटेवर होता. राखीव सैनिक आपल्या गावी गेला. चार दिवस सत्कार झाले, मग दुकान उघडलं, आणि त्याने पाहिलेलं काही पाहिलेला दुसरा माणूस दहा-वीस मैलांत नव्हता. लष्कराच्या आरोग्यविम्याची मुदतही त्याच्यासाठी मर्यादित होती, त्यामुळे असेल तो त्रास वेळेत सांगून टाकावा असं काहींना वाटलं असेल, हेही संशोधकांनी नमूद केलं आहे. तसं धरलं तरी एवढी तफावत निव्वळ मुदतीच्या घाईने पडेल असं मला वाटत नाही. परतण्याच्या जागेचा आरोग्यावर एवढा परिणाम होत असेल, तर त्या जागेपर्यंत आरोग्यसेवेने जायला हवं, हे उघड आहे.

विचारलं तरी खरं उत्तर मिळतं का, हा पुढचा प्रश्न. २००४ मध्ये चार्ल्स होग आणि सहकाऱ्यांनी लढाऊ तुकड्यांचा अभ्यास केला. इराकहून परतल्यावर १५ ते १७ टक्के सैनिकांत नैराश्य, चिंताविकार किंवा पीटीएसडी यांची ठळक लक्षणं होती, पण त्रास असलेल्यांपैकी २३ ते ४० टक्के लोकांनीच कोणाची मदत घेतली होती. आणि ‘लोक मला दुबळा समजतील’, ‘वरिष्ठांचा विश्वास उडेल’ ही भीती नेमकी त्रास असलेल्यांमध्ये इतरांच्या दुप्पट होती. मदतीची ज्याला सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच ती मागायची सगळ्यांत जास्त धास्ती. २०११ मध्ये आणखी एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. एकाच तुकडीतल्या सैनिकांनी नेहमीचा, नावानिशी भरायचा फॉर्म भरला; पुढे त्यांच्यातल्या काहींना तेच प्रश्न नाव न लिहिता विचारले. नाव नसताना नैराश्य, पीटीएसडी आणि आत्महत्येचे विचार यांची कबुली दोन ते चार पट वाढली. हा फॉर्म वरिष्ठांच्या टेबलावर जाईल, बढती अडेल, पुढच्या मोहिमेवर सोबत्यांना सोडून मागे राहावं लागेल, हे सैनिक जाणून असतो. आपल्याकडेही हे नवं नाही. भारतीय सैन्यात आरोग्याची ‘शेप’ ही वर्गवारी आहे आणि त्यातलं पहिलंच अक्षर मानसिक आरोग्यासाठी आहे. ‘शेप-वन’ म्हणजे सर्वार्थाने तंदुरुस्त. ‘कॅटेगरी लागली’ हे शब्द फौजी घरांत कोणत्या सुरात उच्चारले जातात, ते त्या घरांना सांगायला नको. ज्या डॉक्टरच्या शेऱ्यावर नोकरीतली पुढची पायरी अवलंबून आहे, त्यालाच मनातलं सगळं सांग, अशी अपेक्षा करणं माणसाच्या स्वभावाविरुद्ध जातं. म्हणून उपचार करणारा आणि दर्जा ठरवणारा हे दोघे वेगळे असले पाहिजेत, आणि पहिल्याकडची माहिती दुसऱ्याकडे कधी जाईल याच्या मोजक्या अटी सैनिकाला आधी वाचायला मिळाल्या पाहिजेत.

इथे ब्रिटनमधून आलेला एक आक्षेप विचारात घ्यावाच लागतो, कारण तो वजनदार आहे. तिथल्या रॉबर्टो रोना आणि सहकाऱ्यांनी अफगाणिस्तानहून परतलेल्या दहा हजारांहून अधिक सैनिकांवर रीतसर चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकून गट पाडले. एका गटाला संगणकावर मानसिक आरोग्याचे प्रश्न विचारून त्यांच्या उत्तरांनुसार सल्ला दाखवला, दुसऱ्याला सर्वसाधारण सल्ला. दहा ते चोवीस महिन्यांनी पाहिलं तर दोन्ही गटांच्या प्रकृतीत आणि मदत घेण्याच्या प्रमाणात काहीच फरक नव्हता. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली आलेल्या या निष्कर्षाचा अर्थ अनेकांनी असा लावला की परतलेल्यांना प्रश्न विचारणं हा वेळेचा अपव्यय आहे. निष्कर्ष मला मान्य आहे. अर्थ मान्य नाही. त्या चाचणीत सैनिकाला पडद्यावर सल्ला मिळाला, ‘मदत घ्या’ असं वाचायला मिळालं. तिथून पुढे दार ठोठावायचं काम पुन्हा त्याच्याच अंगावर. होग यांच्या अभ्यासातल्या धास्तीला तिथे उत्तर नव्हतंच. अमेरिकेतल्या मिलिकन यांच्या अभ्यासातही हीच गळती दिसते: १०० पैकी १२ ते १५ सैनिकांनी आपल्या दारूबद्दल चिंता नोंदवली होती, पण उपचारासाठी पुढे पाठवलेल्यांचं प्रमाण एक टक्काही नव्हतं. तापमापकाने ताप उतरला नाही म्हणून कोणी ताप मोजणं सोडत नाही; पारा चढलेला दिसल्यावर पुढे कोण काय करतं, ते पाहावं लागतं. ब्रिटिश चाचणीने एवढं सिद्ध केलं की विचारणारा माणूस आणि बरं करणारा माणूस यांच्यातला दुवा तुटका असेल तर विचारण्याला किंमत नाही. माझ्या मते तो दुवा म्हणजे नावगाव असलेली एक व्यक्ती हवी. अमेरिकेत २००७ मध्ये वॉल्टर रीड या नामांकित लष्करी रुग्णालयाच्या आवारातल्या ‘बिल्डिंग १८’मधली बुरशी धरलेली खोली वर्तमानपत्रात आली, आणि शस्त्रक्रिया उत्तम झालेले सैनिक नंतरच्या कागदपत्रांत महिनोन्‌महिने कसे हरवून जातात ते देशाने पाहिलं. त्यानंतर नेमलेल्या डोल-शलाला आयोगाने गंभीर जखमी सैनिकामागे एक समन्वयक असावा ही शिफारस केली होती, ती याच अनुभवातून. ती पद्धत फक्त गंभीर जखमींपुरती का राहावी?

दुसरा आक्षेप उलट टोकाचा आहे: एवढं विचारत बसलात तर धडधाकट माणसांच्या मनात आजार भराल. याला आधार आहे. मोठ्या आघातानंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून एकाच बैठकीत ‘काय घडलं ते बोलून मोकळे व्हा’ असं सांगण्याची पद्धत एके काळी फार लोकप्रिय होती. नंतरच्या अभ्यासांत तिचा फायदा दिसला नाही, काहींच्या बाबतीत नुकसान झालं असावं असं दिसलं, आणि आता ती वापरू नये असाच सल्ला दिला जातो. शिवाय बहुसंख्य सैनिक परतल्यावर सावरतात. २००६ च्या ब्रिटिश पाहणीत इराकला जाऊन आलेल्या नियमित सैनिकांत पीटीएसडीची लक्षणं सुमारे ४ टक्केच आढळली होती. प्रत्येक फौजी मनाने मोडलेला असतो, हे चित्रपटांनी रुजवलेलं चित्र खोटं आहे आणि सैनिकाला नोकरी देणाऱ्या माणसाच्या डोक्यात ते बसलं तर घातकही आहे. पण नीट पाहिलं तर हा आक्षेप टप्प्यांच्या बाजूनेच बोलतो. पहिल्याच दिवशी सगळ्यांवर उपचार लादू नका, बहुतेकांना वेळच बरं करतो, हे खरंच आहे. कोणाला वेळ बरं करतो आहे आणि कोणाला नाही, हे कळण्यासाठी मात्र काही महिन्यांनी परत जाऊन पाहावंच लागतं. थांबायचं, पण नजर ठेवून.

आतापर्यंत मनाबद्दल जास्त बोललो. शरीराच्या बाबतीत प्रश्न आणखी अवघड होतो, कारण तिथे सैनिकाने मन मोकळं करूनही भागत नाही. पुरावा लागतो, आणि पुरावा त्याच्याकडे नसतो. मार्च १९९१ मध्ये, आखाती युद्ध संपल्यावर, अमेरिकी सैन्याने इराकमधल्या खमिसिया इथलं दारूगोळ्याचं कोठार उडवून दिलं. त्यातल्या काही रॉकेटांत सारिन हा मज्जासंस्था बंद पाडणारा वायू होता. हे संरक्षण खात्याने जाहीरपणे मान्य केलं जून १९९६ मध्ये. पुढच्या वर्षी सुमारे एक लाख सैनिकांना पत्रं गेली की तुम्ही त्या वायूच्या अतिसौम्य झोताच्या वाटेत असू शकता. त्याच युद्धात वायुहल्ल्यापासून बचाव म्हणून पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या वाटल्या होत्या. कोणी किती घेतल्या याची धड नोंद नव्हती. त्या मोहिमेवर गेलेल्या सुमारे सात लाखांपैकी किमान चौथा हिस्सा सैनिक पुढे अनेक वर्षं थकवा, अंगदुखी, विसरभोळेपणा, पोटाच्या तक्रारी यांनी ग्रासले. नेमकं कारण शोधायला बसलेल्या संशोधकांना सगळ्यांत जास्त नडला तो नोंदींचा अभाव. १९९७ मध्ये कायदाच झाला, की मोहिमेआधी आणि मोहिमेनंतर प्रत्येकाची तपासणी करायची, रक्ताचे नमुने जपायचे. २००३ मध्ये सरकारी लेखापरीक्षकांनी तुकड्यांच्या नोंदी उघडून पाहिल्या तेव्हा कुठे ३८ टक्के, तर कुठे ९८ टक्के सैनिकांच्या दोनपैकी एक किंवा दोन्ही तपासण्यांची नोंद सापडत नव्हती.

नोंद नाही म्हणजे काय होतं, ते इराक आणि अफगाणिस्तानातल्या जळत्या खड्ड्यांनी दाखवून दिलं. तळावरचा सगळा कचरा, प्लास्टिक, रंगाचे डबे, बॅटऱ्या, दवाखान्यातला कचरा, उघड्या खड्ड्यात टाकून विमानाचं इंधन ओतून पेटवायचा. बगदादच्या उत्तरेला बलाद इथला खड्डा काही एकर पसरलेला होता आणि रात्रंदिवस पेटता असे. परतल्यावर दमा, सायनस, काही दुर्मीळ कर्करोग घेऊन सैनिक भरपाई आणि उपचारांसाठी सरकारकडे गेले. २००७ ते २०२० या काळात अशा दाव्यांपैकी सुमारे ७८ टक्के फेटाळले गेले. कारण एकच: हा आजार त्या धुरानेच झाला हे तुम्ही सिद्ध करा. कोणत्या दिवशी वारा कुठून वाहत होता, धुरात काय होतं, तुम्ही किती तास तिथे होता, हे एका माजी सार्जंटने सिद्ध करायचं. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘पॅक्ट’ कायद्याने हे ओझं उलटं केलं. ओहायो नॅशनल गार्डमधले सार्जंट हीथ रॉबिन्सन फुफ्फुसाच्या कर्करोगाने २०२० मध्ये गेले. कायदा त्यांच्या नावाने आहे. ठरावीक काळात ठरावीक प्रदेशात सेवा केली असेल आणि वीसहून अधिक आजारांच्या यादीतला आजार जडला असेल, तर तो सेवेमुळेच झाला असं गृहीत धरायचं. शिवाय माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत नाव असलेल्या प्रत्येकाला निदान पाच वर्षांतून एकदा विषारी संपर्काबद्दल आपणहून विचारायचं. मे २०२४ पर्यंत या कायद्याखाली दहा लाखांहून अधिक दावे मंजूर झाले होते.

खर्चाचा आक्षेप इथे येतो, आणि तो पैशांइतकाच न्यायाचाही आहे. या कायद्याचा दहा वर्षांचा अंदाजित खर्च २८० अब्ज डॉलरच्या घरात आहे. गृहीत धरण्याचं तत्त्व आलं की सिगारेटने बिघडलेली फुफ्फुसंही धुराच्या नावावर जमा होणार, हे नाकारता येणार नाही. काही चुकीचे दावे मंजूर होतील. पण दुसऱ्या पारड्यात खरे असूनही फेटाळलेले दावे आहेत, आणि चूक व्हायचीच असेल तर ती कोणाच्या बाजूने व्हावी हे ठरवावं लागतं. मोहिमेवर कुठे जायचं, काय श्वासात घ्यायचं, कोणती गोळी गिळायची, यातलं काहीही सैनिकाने ठरवलेलं नव्हतं. नोंद ठेवण्याची साधनं पूर्णपणे सरकारच्या हातात होती. ज्याच्या हातात वही, त्याने वही कोरी ठेवली तर कोऱ्या पानाचा फायदा त्यालाच मिळू नये, हे न्यायाचं साधं तत्त्व आहे. आणि नोंदी नीट असतील तर खोटे दावेही त्याच नोंदींनी ओळखता येतात. याचं चांगलं उदाहरण डोक्याच्या मुक्या माराचं आहे. स्फोटाचा हादरा बसलेला माणूस बाहेरून धड दिसतो. २०१० मध्ये अमेरिकी सैन्याने नियम केला, की स्फोटापासून ५० मीटरच्या आत असलेल्या प्रत्येकाची, तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी, तपासणी करायची आणि त्याला २४ तास विश्रांती द्यायची. इथे तक्रार हा निकष राहिला नाही. घटना हा निकष झाला. जानेवारी २०२० मध्ये इराकमधल्या अल-असद तळावर इराणची क्षेपणास्त्रं पडली. पहिली बातमी होती, कोणी जखमी नाही. पुढच्या काही आठवड्यांत निदान होत होत आकडा ११० वर गेला.

भारतीय सैन्याला टप्प्यांची ही कल्पना नवी वाटू नये. किंबहुना चढण्याच्या बाबतीत जगाने ती आपल्याकडून शिकावी. १९६२ च्या युद्धात मैदानातून थेट हिमालयात नेलेल्या जवानांची फुफ्फुसं पाण्याने भरली. त्या अनुभवानंतर लष्करी डॉक्टरांनी जे संशोधन केलं, त्यातला १,९२५ सैनिकांच्या पर्वतविकाराचा इंदर सिंग आणि सहकाऱ्यांचा १९६९ चा अहवाल आजही या विषयातला मूलभूत मानला जातो. आज ९,००० फुटांच्या वर जाणाऱ्या जवानाला सहा दिवस, मग १२,००० च्या वर चार दिवस, १५,००० च्या वर आणखी चार दिवस असं थांबत थांबत नेलं जातं. सुट्टीवरून परत येणारा जुना जाणता हवालदारही या वेळापत्रकातून सुटत नाही. त्याला विचारलं जात नाही, की बाबा, तुला त्रास होतोय का? त्रास होण्याआधीच टप्पा ठरलेला असतो, आणि टप्पा पाळला म्हणून कोणी त्याला कमकुवत म्हणत नाही. १९९० मध्ये आनंद आणि सहकाऱ्यांनी ५,८०० ते ६,७०० मीटर उंचीवर सरासरी दहा-अकरा आठवडे काढलेल्या २१ जवानांच्या हृदयविकाराचं वर्णन केलं: पायांना सूज, धाप, फुगलेलं हृदय. खाली आणल्यावर ती हृदयं काही आठवड्यांत पूर्ववत झाली. हे कळलं कारण खाली आल्यावरही त्यांची पुन्हा तपासणी झाली. जी शिस्त चढाईला आहे, तीच घरी परतण्याला लावायची आहे: सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी, दर पाच वर्षांनी, सगळ्यांना, शिपायापासून कर्नलपर्यंत. सगळ्यांना असली की ती कोणाच्याही माथी कलंक म्हणून बसत नाही.

पुराव्याच्या ओझ्याबद्दलही आपल्याकडे पाया तयार आहे. सिग्नल्समधले शिपाई धरमवीर सिंग १९८५ मध्ये भरती झाले आणि नऊ वर्षांनी फेफऱ्याच्या विकारामुळे घरी पाठवले गेले. हा विकार उपजत आहे, सेवेशी संबंध नाही, म्हणून अपंगत्व पेन्शन नाकारली गेली. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा निरोगी होता असं धरायचं, नंतर प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे असं मानायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. अमेरिकी संसदेने काही आजारांपुरतं जे २०२२ मध्ये केलं, ते तत्त्व म्हणून आपल्या न्यायालयाने नऊ वर्षं आधी मांडलं होतं. मात्र न्यायालयातून मिळालेलं तत्त्व एकेका सैनिकाला पुन्हा न्यायालयातूनच मिळवावं लागत असेल, तर आरोग्यव्यवस्थेत ते उतरलं असं म्हणता येत नाही. अपंगत्व पेन्शनच्या २०२३ मध्ये आलेल्या नव्या नियमांवर माजी सैनिकांच्या संघटनांनी घेतलेले आक्षेप याच मुद्द्याभोवती आहेत. गैरवापर रोखणं हा सरकारचा हेतू रास्त आहे. तो साधायचा मार्ग सेवेतल्या नोंदी भरीव करण्याचा आहे.

याहून तातडीचा प्रश्न अग्निवीरांचा. माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्ययोजना आहे, तिची पॉलिक्लिनिकं अनेक जिल्ह्यांत आहेत. तिच्याबद्दल तक्रारी असल्या तरी पेन्शनर फौजीला जायला एक दार आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेच्या मूळ अटींनुसार चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या तीन चतुर्थांश तरुणांना पेन्शन नाही, आणि हे दारही नाही. त्यांतले बहुतेक पंचविशीच्या आसपास गावी परततील. अमेरिकेतले राखीव सैनिक आठवा: मोहीम तीच, पण परतल्यावर तुकडी नाही, दवाखाना नाही, आणि सहा महिन्यांत त्रास दुप्पट. तुलना तंतोतंत नाही, हे मान्य. शांततेच्या तळावर चार वर्षं काढलेल्या मुलाची स्थिती वेगळी असेल. पण सियाचिनवर किंवा काश्मीरमध्ये ज्यांचा काळ गेला, त्यांच्यासाठी निदान पाच वर्षांची वैद्यकीय देखरेख योजनेत जोडणं फार खर्चाचं नाही, आणि पहिली तुकडी बाहेर पडते त्याच वेळी ते करायला हवं.

आणि जे कुठल्याच योजनेत बसत नाहीत त्यांच्यासाठी? अमेरिकेत परिचारिकांच्या अकादमीने एक मोहीम चालवली, तिचं नावच एक प्रश्न आहे: तुम्ही कधी सैन्यात होता का? कोणत्याही दवाखान्यात, कोणत्याही दुखण्यासाठी आलेल्या माणसाला हे विचारायचं, कारण माजी सैनिक बहुतेकदा लष्करी डॉक्टरकडे जातच नाही. गावातल्या डॉक्टरकडे जातो, आणि खोकल्याचं औषध घेऊन घरी येतो. ब्रिटनमध्येही फॅमिली डॉक्टरकडच्या नोंदीत ‘माजी सैनिक’ अशी खूण करण्याची सोय आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली, आणि गावाच्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ लागतं. अशा गावांच्या आसपासच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपर काढताना नाव, वय, गाव विचारतात. त्याच्याखाली एक ओळ वाढवता येईल: फौजेत होता का, कुठे, कोणत्या सालात. उत्तर ‘हो’ आलं, तर खोकल्याआधी धुराबद्दल विचारायचं, डोकेदुखीआधी स्फोटाबद्दल, आणि सोबत आलेल्या बायकोला, बाजूला घेऊन, झोपेबद्दल.